मास्तरीणबाईंची कॉफी आणि आमची अंबाडी

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन चुडाव्याजवळच्या एका गावात आले. सासऱ्यांच्या शेतात अंबाडी फार. दिवाळीनंतर ती कापायची, पेंढ्या बांधून नदीच्या डोहात दगडांखाली दडपायची आणि कुजू द्यायची. मग साल सुटते, तिचे दोर, सुतळी वळतात. कुजताना पाणी काळं पडायचं आणि असा वास सुटायचा, की मी पदर नाकाला लावूनच नदीवर जायचे. गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. सगळे डोहाच्या वरच्या अंगाला पाणी भरत.

त्या साली चुडाव्याच्या स्टेशनावर मद्रासकडचे नवे मास्तर आले. त्यांच्याकडे दूध आमच्या म्हशीचं जायचं. एके दिवशी मास्तरीणबाईंनी सासूबाईंना आणि मला कॉफी प्यायला बोलावलं. आम्ही दोघींनी ती कधी चाखली नव्हती. पेल्यातून वाफ आली आणि वाफेबरोबर कुबट वास. सासूबाईंनी डोळे मिटून पेला रिकामा केला.

वाटेत म्हणाल्या, "लोकं काय काय पितेत बाई. पण मानानं दिलं, न्हाई कसं म्हणावं?"

चार दिवसांत मास्तरीणबाईंचा निरोप आला, दुधाला वास येतो, उद्यापासून नको.

सासूबाईंना हा म्हशीपेक्षा स्वतःच्या खानदानाचा अपमान वाटला. सकाळी त्यांनी म्हैस सोडली, रेडकाचं दावं माझ्या हातात दिलं, आणि आमची वरात स्टेशनावर गेली. मालगाडी उभी होती. मास्तर हिरवं निशाण धरून आमच्याकडेच बघत राहिले. सासूबाईंनी क्वार्टरच्या दारात बसून धार काढली आणि चरवी पुढे केली.

"सूंघके देखो."

मास्तरीणबाईंनी हुंगलं. "अच्छा है," म्हणाल्या आणि लगेच त्याच दुधाची कॉफी केली. वास तोच. मग कॉफीची पूड हुंगली, साखर हुंगली. शेवटी सासूबाईंनी रांजणावरचं झाकण काढून नाक आत घातलं.

"ये पानी किधर का?"

स्टेशनची विहीर मचूळ होती. रांजण भरायला आलेला पाणक्या म्हणाला, "नदीचं, मावशी. डोहाच्या खालून आणतो. तिकडं उतार सोपा हाय."

सासूबाईंनी झाकण परत ठेवलं. घरी येऊन मामंजींना म्हणाल्या, "तुमची अंबाडी त्या बाईच्या कॉपीत उतरायलीय."

"वाहत्या पाण्याला कुठं वास असतोय? माझा बापबी तितंच भिजू घालायचा."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मामंजींच्या चहाला डोहाखालचं पाणी. त्यांना पहिल्याच घोटाला कळलं. आम्हा दोघींकडे बघत त्यांनी कप संपवला. "झकास झालाय," म्हणाले. एक-दोन दिवस असा हट्टाने प्यायले, मग एका सकाळी कप तसाच खाली ठेवला आणि स्टेशनाकडे निघाले.

रुळांसाठी माती काढल्याने तिथे मोठे खड्डे पडले होते, त्यांत पावसाचं पाणी साचलेलं. मामंजींनी ते अंबाडी भिजवायला मागितले. मास्तरांनी आनंदाने दिले. अंबाडी म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

नदी आठवड्याभरात बरीच निवळली. कॉफीही सुधारली म्हणे. पण आता वास थेट क्वार्टरमध्ये शिरू लागला, आणि चुडावा आलं की गाडीतले लोक खिडक्या लावून घेऊ लागले. मास्तरीणबाई सासूबाईंना म्हणाल्या, "पानी अच्छा हुआ, हवा गयी."

पुढच्या वर्षी मामंजींनी रुळांच्या पलीकडचा, लांबचा खड्डा धरला. त्यांचं बघून गावातल्या बाकीच्यांनीही आपल्या चार-दोन पेंढ्या डोहातून तिकडे हलवल्या. तक्रार फक्त मासे खाणाऱ्यांची राहिली. काळ्या पाण्यात गुंगलेले मासे आयते हाती लागायचे, ते बंद झाले. शेजारचे काका एकदा दारात येऊन कुरकुरले, "वहिनी, आता मासं धरायला जाळं लागायलंय."

"मग विणा की," सासूबाई म्हणाल्या. "सुतळी आमच्याकडून न्या."