साडूंच्या बाटलीचा रंग

जगात लघवीकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस माझ्या साडूंखेरीज दुसरा झाला नसेल. त्यांचे वडील मूत्रपिंडे निकामी होऊन गेले होते, आणि आपणही त्याच वाटेने जाणार या धास्तीने साडूंनी स्वतःवर पाळत ठेवली होती. सारी नोकरी कन्नड तालुक्यात कालव्याच्या गेटवर, पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात गेलेली. अंगात शिरलेले पाणी ते बिनचौकशी कसे जाऊ देतील? रोज सकाळी काचेची बाटली खिडकीच्या उजेडात धरून ते उभे असत. मेहुणीबाई चहा घेऊन आल्या की त्यांच्या कोणत्या हातात काय आहे ते बघूनच कप पुढे करीत.

औरंगाबादच्या मे महिन्यात तर त्यांचा पार गोंधळ उडे. "साडूभाऊ, चार तांबे पाणी पिलो, बाहेर आलं एक. बाकीचं गेलं कुठं?" घामात गेले असेल, असे मी म्हणालो, तर त्यांनी बनियन पिळून पाहिले. जेमतेम चमचाभर निघाले. ओळखीच्या डॉक्टरांनी एकदा समजावले, की अंगात पाणी कमी पडले की मेंदूतून हुकूम सुटतो, मग मूत्रपिंडे पाणी परत रक्तात ओढून घेतात आणि लघवी दाट पिवळी होते. पाणी जास्त झाले की हुकूम थांबतो आणि ती पातळ होते. साडू दुखावलेच. "माझ्या डोक्यातून हुकूम सुटतो अन् मलाच खबर नाय? हा कुठला कारभार?" मलाही काही कळले नव्हते, पण मी मान डोलावली. सासरच्या मंडळींत मान डोलावण्याचे काम माझ्याकडेच होते.

मग एका उन्हाळ्यात रंग बदलायचाच थांबला. पाणी प्या, नका पिऊ, सकाळ असो की संध्याकाळ, बाटली सदा फिकट आणि स्वच्छ. साडू हरखून गेले. "बघा, लई दिवसांनी कारभार सुरळीत झाला!" मी त्यांचे अभिनंदन केले, वर पेढे मागितले, आणि तेच पेढे घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी पेढा हातात घेतला, सगळे ऐकले, आणि तो तसाच टेबलावर ठेवला. "दिवसभर पाणी न पिताही रंग असाच?" त्यांनी दोनदा विचारले, मग रक्त तपासायला पाठवले. अहवाल आल्यावर हळू आवाजात म्हणाले, "चांगलं मूत्रपिंड लघवीचा रंग बदलत राहतं. तुमची थकलीत. दाट करायची ताकद उरली नाही."

"म्हंजे हुकूम सुटतोय, पण गेटवर माणूस नाय," साडू म्हणाले.

त्यांना सगळे नीट कळले होते. गोंधळलो होतो मी एकटा. ज्याबद्दल अभिनंदन केले तेच त्यांचे दुखणे निघाले होते. परतताना रिक्षात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, साडूभाऊ. पेढे चांगले व्हते."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. उन्हाळ्यात सकाळी दाट पिवळा रंग दिसला की मला आधी हायसे वाटते आणि मग त्यांची फार आठवण येते. चारचौघांत सांगण्यासारखी ही आठवण नव्हे, म्हणून लिहून टाकली.