जमलं तर येऊ

आमंत्रण कसं मिळवावं आणि मिळालं की ते कसं घ्यावं, या विषयात माझ्या मावसभावाइतका जाणकार अख्ख्या मुरबाड तालुक्यात झाला नाही, आणि या जाणकारीनं एवढी माती दुसऱ्या कोणाची केली नाही. तो राहतो धसईजवळच्या एका वाडीत. वय तिशीकडे झुकलेलं, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि चाल अशी की भाताच्या खाचरातल्या वीतभर बांधावरूनही हा नजर समोर रोखून, खांदे मागे टाकून मुंबईच्या मॉडेलसारखा चालायचा. समोर एखाद्या दगडाला टेकवून मोबाईल उभा केलेला असायचा. पाय घसरत नसे असं नाही. पण चिखलात बसकण मारल्यावरही चेहरा तसाच निर्विकार, कारण मॉडेल हसत नसतात असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. न्याहारी घेऊन येणारी मावशी अशा वेळी बांधाच्या टोकाला थांबून राहायची. पोराचं चालून झाल्याशिवाय तिनं कधी बांधावर पाय ठेवला नाही.

कपडे तो स्वतःच जुळवायचा. खताच्या गोणीचा कोट, मावशीच्या जुन्या लुगड्याचा पायघोळ झगा, आणि लावणीच्या वेळी बायका पाठीवर घेतात ते पानांचं इरलं, हे सगळं एकाच वेळी अंगावर. एका थंडीत म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत त्यानं नवी घोंगडी घेतली, ती दोन्ही खांद्यांवरून खाली सोडली आणि बैलांच्या दावणीमधून व्हिडिओसाठी चालू लागला. तिथले दलाल बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली हात घालून बोटांनी ठरवतात. दोघा दलालांना ही चालती घोंगडी फारच सोयीची वाटली. त्यांनी त्याला थांबवलं, एकानं डावीकडून आणि दुसऱ्यानं उजवीकडून हात आत घातला, बराच वेळ बोटं दाबली, सौदा पटला आणि याला एका शब्दानं न विचारता दोघं चहा प्यायला निघून गेले. हा सगळा वेळ हनुवटी वर करून उभा. पुढं महिनाभर तो सांगत होता की आपल्या ड्रेसवर जत्रेत डील झाली.

गाव हसायचंच. हसायला गावाला काही लागत नाही. लग्नाची बोलणी व्हायची, मुलीचा बाप विचारायचा की मुलगा काय करतो, आणि आमच्याच नात्यातलं कुणीतरी सांगायचं की बांधावर चालतो. तिथं बोलणी संपायची. मावशी मात्र ठाम होती. त्यानं तिला सांगून ठेवलं होतं की मुंबईत वर्षातून दोनदा फॅशनचा जो मोठा सोहळा होतो, त्यात आपल्याला एकदा रीतसर बोलावलं, खुर्ची दिली, की आपण माणसांत जमा. मग कपड्यांच्या कंपन्या आपणहून काम देतील, आणि मुलीचे बापही सरळ बोलतील. शेवटी त्या माउलीनंही मुदत घातली. या हंगामात बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर मी सांगेन त्या नोकरीवर जायचं. मी म्हणजे शहापूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, सापगावात राहणारा तिचा भाचा. आसनगावकडच्या एका गोदामात मी शब्दही टाकून ठेवला होता.

बोलावणं मिळवायचं शास्त्र त्यानं मला भाताच्या शेतीसारखं समजावलं होतं. आधी रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, म्हणजे वर्षभर एकाच धाटणीचे व्हिडिओ टाकत राहायचं, आज गोणपाट आणि उद्या सूटबूट असं करायचं नाही. मग लहान डिझायनरांच्या व्हिडिओंखाली रोज काहीतरी शहाणपणाचं लिहायचं, नुसते बदाम टाकून कुणी ओळखत नाही. त्यांचे कपडे घालून दाखवायचे, त्यांची नावं जोडायची. सोहळ्याच्या दोन-तीन महिने आधी, निमंत्रणं ज्यांच्या हातात असतात त्या प्रसिद्धीवाल्यांना मेल करायचा, त्यात आपले फोटो, आपल्याला पाहणाऱ्यांचा आकडा आणि आपण त्यांच्या काय कामाचे ते थोडक्यात. बोलावणं नसेल तरी सोहळ्याच्या दिवशी नटून फाटकाबाहेर उभं राहायचं, तिथं फोटोवाले असतात. हे सगळं त्यानं चार वर्षं केलं. मेल अर्थातच मी लिहायचो. इतक्या अदबीचं इंग्रजी मी माझ्या प्राचार्यांनासुद्धा कधी लिहिलं नाही, आणि उत्तर प्राचार्यांकडून येतं तेवढंच यायचं.

एकदा एक डिझायनरबाई खरोखरच वाडीवर आल्या. बरोबर दोन मुली, एक कॅमेरावाला. त्यांनी याचा बांध वापरला, याचं इरलं वापरलं, मावशीच्या हातच्या तांदळाच्या भाकरी खाल्ल्या आणि गावची माणसं किती साधी असतात असं तीन-चारदा म्हणाल्या. याला दिवसभर छत्री धरायला लावली. फोटो आले त्यात इरलं होतं, बांध होता, हा नव्हता. छत्रीची सावली तेवढी एका कोपऱ्यात दिसते. मला संताप आला, आजही येतो. त्याला मात्र आनंद झाला होता, कारण बाईंनी जाताना पुढच्या सोहळ्याला नक्की बोलावू असं म्हटलं होतं.

आता त्याची दुसरी बाजू सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. फॅशनवाल्यांपुढे पदर पसरणारा हा माणूस गावात बोलावण्याच्या बाबतीत भलता मानी. मोबाईलवर आलेली लग्नपत्रिका तो पत्रिका मानत नसे. माणसानं घरी यावं, हातात अक्षता द्याव्यात, आणि आपण लगेच हो म्हणू नये. ‘बघू, जमलं तर येऊ’ असं म्हणावं. त्यावर यजमानानं ‘बघू नाय, यायचाच’ म्हणावं, मग आपण जरा मान हलवावी. ही आमच्याकडची रीतच आहे. पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा हावरा समजला जातो. फरक इतकाच की बाकीचे ही रीत पाळतात आणि हा ती पूजेसारखी करायचा. शेजारच्या हळदीला यजमान गडबडीत दुसऱ्यांदा बोलवायला विसरला, तर हा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, बँड दारात वाजत असताना घरात बसून राहिला. शेवटी नवऱ्याचा काका धावत आला तेव्हा उठला.

आणि त्या हंगामात फोन आला. डिझायनरबाईंच्या शोचं निमंत्रण, बसायला जागा, प्रसिद्धीचं काम पाहणारी एक मुलगी हिंदीत विचारत होती की तुम्ही येणार ना. चार वर्षं ज्या एका वाक्यासाठी त्यानं चिखल तुडवला ते वाक्य कानात पडलं, आणि त्यानं आमच्या सात पिढ्यांच्या रीतीला स्मरून उत्तर दिलं, “देखता है, जमा तो आयेगा.” मुलगी म्हणाली ठीक आहे, काही हरकत नाही, आणि फोन ठेवला.

त्यानं मला हे अभिमानानं सांगितलं. मी कपाळावर हात मारला, म्हटलं आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि येतो म्हणून सांग. तो माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिला.

“येकदा बोलावल्यावर लगेच हो बोलाचा? भुकेला समजतील रे. करतील ती परत फोन.”

फोन आला नाही. मी माझ्या हातानं मेल केला, उत्तर आलं नाही. तो मात्र शांत. मानाचं बोलावणं झालंय, दुसरं विसरले असतील, शहरातल्या माणसांना काम असतं, असं म्हणून त्यानं गोणपाटाचा नवा कोट शिवला आणि ठरल्या दिवशी आम्ही दोघं मुंबईला गेलो. भर दुपार, काचेचं भलंमोठं दार, आत थंडगार. पहारेकऱ्यानं नाव विचारलं, यादीत नाव नव्हतं. मग ती फोनवाली मुलगी बाहेर आली. उद्धट नव्हती, उद्धट असती तर बरं झालं असतं. हसून म्हणाली, “सर, आपने तो बोला था, देखता है.”

“वो तो बोलना पडता है ना मॅडम,” तो म्हणाला.

तिला ते कळलं नाही. कळावं तरी कसं. ती म्हणाली जागा दुसऱ्याला दिली, पुढच्या वेळी नक्की, आणि आत गेली. तेवढ्यात कुणाची तरी गाडी आली, फोटोवाल्यांनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि आम्ही झालो. काचेतून आतला रॅम्प दिसत नव्हता. तो तरीही बराच वेळ तिकडं बघत उभा होता. ज्या सोहळ्यात माझ्या भावाचं इरलं चालतं आणि भाऊ चालत नाही, त्या सोहळ्याला आग लागो, असं मी मोठ्यानं म्हणालो. त्यानं मला गप्प केलं, कुणी ऐकेल म्हणून.

आता तो, मावशीनं न सांगताच, आपणहून आसनगावकडच्या त्या गोदामात खोकी लावतो. तिथला निळा शर्ट सगळ्यांना एकाच मापाचा मिळतो, याच्या खांद्यांवरून तो खाली ओघळतो आणि यानं तो अजून घरी शिवूनही घेतलेला नाही. बांधावर मोबाईल ठेवलेला पुन्हा कुणी पाहिला नाही. तो कामाला चांगला आहे असं मुकादम म्हणतो, आणि मला ते ऐकवत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. कल्याणहून एस.टी.नं आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा मावशीनं भात टाकला होता आणि पडवीत शेजारच्या दोन बायका खास ऐकायला येऊन बसल्या होत्या. पानावर बसल्याबसल्या मावशीनं विचारलं की तिथं जेवायला काय होतं. आमच्याकडं कुठल्याही कार्याबद्दल हेच आधी विचारतात. त्यानं जरा विचार केला आणि सांगू लागला. पुरी होती, श्रीखंड होतं, वालाची भाजी होती, मसालेभात होता. त्या काचेच्या घरात काय खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून बिचाऱ्यानं आमच्याकडच्याच लग्नांतला बेत उचलून तिथं नेऊन वाढला. एका बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हो, आणि पापडही होते, मी बाहेरच थांबलो होतो पण याच्या मोबाईलवर फोटो बघितला.

मावशीचा चेहरा निवला. “नीट बसवला ना रे तुला?”

“पयल्या रांगेत,” तो म्हणाला.

“आन आग्रह केला का कोनी?”

तो भात कालवत होता. बोटं थांबली, मग पुन्हा कालवू लागला.

“केला गो आई,” तो म्हणाला, “जाम केला.”

मावशीनं समाधानानं मान हलवली आणि त्याच्या पानावर आणखी एक मूद भात वाढला. तो नको म्हणाला नाही.