श्वास शिकवणाऱ्या बाईंचा ताप

सर्बियातल्या चाचाक गावात ल्युबिंका गरोदर बायकांना श्वास घ्यायला शिकवायची. त्या बायका तिच्याआधीही श्वास घेतच होत्या, हे तिलाही मान्य होतं. पण कळांच्या वेळी कसा घ्यायचा, ते म्हणे फक्त तिलाच ठाऊक. कळा बधिर करायला पाठीच्या कण्यात टोचायच्या सुईचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. "सुई घेतली की ताप भरतो गं बायांनो!" असं सांगून तिने निम्मं गाव घाबरवून सोडलं होतं.

चाळिशीच्या तोंडावर तिचे स्वतःचे दिवस भरले. पहिली खरी कळ आली आणि बाईंची सगळी विद्या पळाली.

"डॉक्टर, सुई! आत्ताच्या आत्ता!"

"अहो ल्युबिंकाबाई, श्वास घ्या की," डॉक्टर मिलेवा हसल्या.

"श्वास गेला खड्ड्यात!"

सुईने दुखणं ओसरलं. ल्युबिंका सुखावली आणि तितकीच ओशाळली. दुपारी मात्र तिला हुडहुडी भरली. जन्मभर आपलंच खरं करत आलेल्या बाईला पहिल्यांदाच वाटलं, आपलं म्हणणं खोटं निघू दे. नर्सने काखेत थर्मामीटर लावला, तेव्हा तिने हळूच हात सैल सोडला.

"ताप नाही, छान," मिलेवा म्हणाल्या. "म्हणजे बाळ झाल्यावर तुमच्या कुशीतच राहील."

"आणि असता तर?"

"सुईने येतो तसा जंतूंमुळेही येतो. नुसतं बघून कळत नाही. मग बाळाला वरच्या मजल्यावर तपासणीत ठेवावं लागतं."

बाळाला खरंच काही झालं तर, या विचाराने ल्युबिंकाने नर्सला हाक मारली.

"बाई, पुन्हा लावा तो थर्मामीटर. मी लबाडी केली. शिष्यांना तोंड कसं दाखवू, म्हणून."

ताप निघाला. मुलगी झाली, खणखणीत रडली आणि आईच्या गालाला गाल लावून वरच्या मजल्यावर तपासणीला गेली.

सकाळी खिडकीखाली तिचा नवरा रादोये मित्रांना घेऊन हजर. नातेवाइकांना इस्पितळात आत सोडत नसत. आईने खिडकीतून बाळ दाखवायचं आणि मित्रांनी आनंदाने बापाचा शर्ट फाडायचा, अशी तिथली रीत. एक बाही फाटून झाली होती, तेवढ्यात ल्युबिंका रिकाम्या हातांनी खिडकीत आली. खाली सगळे गार पडले.

"अगं, बाळ कुठंय?" रादोयेने खालून विचारलं.

"वर आहे! धडधाकट आहे! मला ताप आला होता, म्हणून तपासतायत!"

गर्दीत तिच्या शिष्याही होत्या, पोटं सांभाळत उभ्या. एकीने विचारलंच, "बाई, म्हणजे तुम्ही सुई घेतलीत?"

"घेतली! ओरडून ओरडून मागून घेतली! तुम्हीही हवी तर घ्या. फक्त ताप आला तर माझ्यासारखा लपवू नका!"

सगळ्या हसल्या. रादोये हसला नाही. दुसरी बाही त्याने कुणाला फाडू दिली नाही. एक बाही लोंबत असलेला तोच शर्ट घालून तो रोज येऊन उभा राहायचा, आणि ल्युबिंका रोज रिकामे हात हलवायची.

मग तपासण्या चांगल्या आल्या. नर्सने मुलगी हातात दिली, तशी ल्युबिंका अनवाणीच खिडकीकडे धावली आणि तिला उंच धरलं. खाली दुसरी बाही टर्रकन फाटली. ल्युबिंकाला इतकं रडू आलं, की तिला धड श्वास घेता येईना.