मशीनच्या खोलीत आई

माझ्या हातातून खडू पडायला लागला तेव्हा मी डोंबिवली पश्चिमेच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. फळ्यावर बेरीज लिहिताना खडू अचानक निसटायचा आणि मुलांना त्याची गंमत वाटायची. मग घरी आमटीची वाटी पडली, एकदा दुधाचं पातेलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं झोपेत असल्यासारखी वाटत आणि मानेपासून कोपरापर्यंत एक कळ सारखी असायची.

डॉक्टरांनी हात उचलून, दाबून, टोचून पाहिलं. म्हणाले, "मानेत नस दबतेय. नक्की कुठे, ते कळायला एमआरआय काढावा लागेल. एका नळीत झोपायचं, हलायचं नाही. दुखत-बिखत काही नाही."

मी विचारलं, "नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते ना?"

ते लिहिता लिहिता थांबले. "असते. पण अरुंद असते. का हो?"

"काही नाही, सहज," मी म्हटलं.

मला बंद जागेत राहवत नाही. कुणाला हे सांगितलं की लोक कारण शोधायला लागतात: लहानपणी कुठे कोंडली गेली होतीस का, कुणी घाबरवलं होतं का. तसं काही घडलेलं नाही. मी खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरात वाढले. तिथे दारं दिवसभर उघडीच असत, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात यायचंही कारण नव्हतं. लक्षात आलं ते फक्त आईच्या. ती डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. ऐंशीच्या दशकात जवळच्या कोपर गावचं स्थळ आलं, बोलणी सुरू झाली, आणि सगळं जमत आलेलं असताना आई मुलाच्या आईला म्हणाली, "पोरगी शिकलेली हाय, रांधते बरा. पन कडी लावून आंघोल करत नाय. आथाच सांगतंय, मागशी बोलू नका."

माझे कान लाल झाले. सासूबाई मात्र नुसत्या हसल्या. लग्नानंतर आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी आंघोळीला गेले की त्या बाहेर भाजी निवडत बसायच्या. कुणी आलं तर म्हणायच्या, "थांबा जरा, सून आहे आत." त्या गेल्यावर हे काम नवऱ्याकडे आलं. दहा-बारा वर्षं अशीच गेली. लिफ्ट टाळायची, गाडीत खिडकीशी बसायचं, मच्छरदाणी लावायची नाही. एवढं सांभाळलं की भागत होतं. त्याला काही नाव असतं हेही मला माहीत नव्हतं.

स्कॅनसाठी ठाण्याला जायचं होतं. नवऱ्याने रजा काढली. एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर ते सेंटर होतं, आत थंडगार. पांढरा कोट घातलेल्या एका तंत्रज्ञाने मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सगळं काढून ठेवायला सांगितलं. हुक असलेला ब्लाउजही चालणार नव्हता. निळा गाउन घालून मी अरुंद पलंगावर आडवी झाले. त्याने कानात कापूस घातला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा खुपसल्या आणि वरून प्लास्टिकचा एक पिंजरा तोंडावर बसवला. खटकन आवाज झाला. मग हातात एक रबरी फुगा दिला. "काही वाटलं तर दाबा, मॅडम."

पलंग आत सरकला. डोळे मिटून ठेवायचे असं मी घरूनच ठरवून आले होते. पण सरकणं थांबलं तसे ते आपोआप उघडले. पिंजऱ्याच्या गजांच्या लगेच वर छत होतं. माझाच श्वास तिथे आपटून गरम होऊन तोंडावर परत येत होता. हात वर घेऊन बघावेत म्हटलं तर कोपर नळीला अडकलं. मी फुगा दाबला. पलंग बाहेर आला, पिंजरा निघाला, तरी मी दाबतच होते.

त्याने फुगा हळूच हातातून सोडवून घेतला. "मॅडम, अजून मशीन सुरूच केलं नव्हतं," तो म्हणाला. टोचून नाही, फक्त सांगितलं. थोड्या वेळाने परत बघू या का, असंही विचारलं. मी त्या पलंगावर नुसती बसूसुद्धा शकले नाही.

बाहेर नवरा पेपर वाचत होता. "झालं इतक्यात?"

"नाही झालं."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. "चल, आधी चहा घेऊ."

डॉक्टर म्हणाले, झोपेचं इंजेक्शन देऊन करता येईल. मी नको म्हटलं. झोपवून मला आत घालतील आणि मध्येच जाग आली तर, हा विचार मला त्या नळीपेक्षा वाईट वाटत होता. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "स्कॅनशिवाय मी पुढचं काही ठरवू शकत नाही. आणि हात असाच राहील असं समजू नका. ताकद आणखी कमी होत जाईल."

मग नवऱ्याने घरी सराव काढला. दुपारी शाळेतून आल्यावर मी खाटेखाली शिरायचे, तोंडावर टॉवेल घ्यायचा, आणि तो वर बसून मोठ्याने पेपर वाचायचा. एक बातमी संपेपर्यंत थांबायचं असा नियम. क्रिकेटची बातमी मला जमायची. अग्रलेखाच्या निम्म्यात मी बाहेर यायचे. तो म्हणायचा, "अगं, अग्रलेखातून तर मीही बाहेर पडतो," आणि आम्ही हसायचो. पण दोघांनाही माहीत होतं की खाटेच्या तिन्ही बाजू उघड्या आहेत.

अशाच एका दुपारी आई आली. हातात सुक्या बोंबलांची पुडी. दारातूनच तिने पाहिलं, जावई खाटेवर बसून पेपर वाचतोय आणि लेकीचे पाय खाटेखालून बाहेर आलेत.

"ही खाली कय करते?"

नवऱ्याने सगळं सांगितलं. आईला मी काहीच कळवलं नव्हतं. ती खाली बसली, माझी बोटं एकेक करून चोळून पाहिली. मग म्हणाली, "तिथं कोनी सोबत बसला तर चालतंय का?"

हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. नवरा चप्पल घालून फोन करायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "एकाला बसू देतात. अंगावर किंवा अंगात धातू नको." मग स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. स्कूटरच्या अपघातात पाय मोडला होता तेव्हा नडगीत बसवलेली स्टीलची पट्टी तशीच होती. त्याला आत जाता येणार नव्हतं.

"मी बसतंय," आई म्हणाली.

"आये, तुझ्या कानातलं?"

तिच्या कानात सोन्याच्या जड कुड्या होत्या. लग्नात घातलेल्या. वडील गेले तेव्हा मंगळसूत्र आणि हिरवा चुडा उतरवला, पण त्या निघाल्या नाहीत म्हणून तशाच राहिल्या होत्या. तिने एक कान चाचपला. "बघू," म्हणाली.

ठरल्या दिवशी ती परस्पर ठाण्याला येणार होती. सेंटरच्या दाराशी एक बाई उभी होती, काठापदराची साडी, डोक्यावर पदर. मी तिच्या बाजूने पुढे गेले. तिने मागून हाक मारली तेव्हा कळलं, ही आई आहे. कान मोकळे होते. पाळीची भोकं लांबून खाली ओघळली होती आणि त्यामुळे चेहरा लहान झाल्यासारखा वाटत होता. मी तिला अशी कधीच पाहिली नव्हती.

"एक निंगाली," ती म्हणाली. "दुसरी सोनाराकरनं कापली." हातातल्या पितळी बांगड्या साबण लावून काढल्या होत्या. मनगटावर खरचटलं होतं.

"आये, कापायला कशाला लावलीस?"

"मंग आत कशी येऊ? चल."

या वेळी मी तंत्रज्ञाला सांगितलं की आधी डोळ्यांवर घडी करून रुमाल ठेवा, मगच पिंजरा लावा. तो हो म्हणाला. आईला माझ्या पायांशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, तिच्याही कानात कापूस घातला. पलंग आत सरकला तेव्हा तिने माझी दोन्ही पावलं घोट्याजवळ घट्ट धरली. मग खोलीचं दार लागल्याचा जाड आवाज आला.

"मी हाय गो," आई म्हणाली.

मग मशीन सुरू झालं. पत्र्याच्या छपरावर कुणी हातोडे मारावेत तसा आवाज. थोडा वेळ तसा, मग वेगळा, कर्कश, मग एकदम शांतता. पहिल्याच आवाजाला माझा हात फुग्यावर आवळला गेला. पण त्या आवाजातून आईचा आवाज येत होता. भर बाजारात पलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारताना काढायची तसा तिने तो लावला होता. ती सोनाराकडची हकिकत सांगत होती. सोनाराच्या हाताला कापरं सुटलेलं, तो म्हणतोय मावशी हलू नका, ती म्हणतेय तूच हलतोस. मग त्याच्या बायकोला बोलावलं. तिने दोरा घेतला, मग तेल घेतलं, मग देवाचं नाव घेतलं. मधली वाक्यं हातोड्यांखाली बुडून जायची आणि पुढचं तुटक ऐकू यायचं. बुडालेलं काय असेल ते मी जुळवत राहिले. त्यात रुमालाच्या वर काय आहे याचा थोडा वेळ विसर पडायचा. आठवण आली की मी घोट्यावरच्या तिच्या बोटांकडे लक्ष न्यायचे.

एका शांततेत भोंग्यातून तंत्रज्ञाचा आवाज आला. "आजी, बोला तुम्ही, पण त्यांना हसवू नका. मान हलतेय."

"आथा रं," आई म्हणाली, "खरा झाला ता सांगतंय मी."

नंतर ती तशाच मोठ्या आवाजात, पण गंभीरपणे बोलायला लागली: शेजारणीच्या मुलाचं लग्न, होडीला लावायचा रंग, पुलाखाली वाढलेला गाळ. एकदा मध्येच गप्प झाली. मला वाटलं, झालं. झालं नव्हतं. तेवढी शांतता मला सगळ्यात कठीण गेली. मी फुग्यावर बोटं ठेवली, पण दाबला नाही. मग तिने पावलं पुन्हा आवळली आणि बोलू लागली.

पलंग बाहेर आला तेव्हा गाउन पाठीला चिकटला होता. तंत्रज्ञ म्हणाला, "फोटो चांगले आलेत, मॅडम." मला रडू आलं नाही, फक्त खूप भूक लागली.

समोरच्या हॉटेलात आम्ही तिघं बसलो. नवरा मिसळ सांगायला काउंटरवर गेला. आईने पेला उचलला आणि पाणी हिंदकळून टेबलावर सांडलं.

"आये, काय झालं?"

"त्यानं दार लावला ना," ती म्हणाली, "तवा मना वाटला, उठून पलून जावा. मधी एकदा तोंडातनं आवाजच निंगला नाय."

"तुलासुद्धा होतं हे?"

"पयल्यापासून. बाजारात आतला गाला देत व्हते, तरी मी भायेरच बसली ना." आतला गाळा तिने का घेतला नाही हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. बाहेर गिऱ्हाईक जास्त लागतं म्हणून असेल, असं धरून चाललो होतो. "माझ्या सासरी मी कोनाला बोलली नाय. कडी लावून रडत आंघोल केली. म्हनून तुझ्या येली आधीच सांगून टाकला."

"मग आज कशाला आलीस आत?"

"तू एकलीच व्हतीस ना," ती म्हणाली. मिसळ आली. तिने पावाचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघता खायला लागली.

रिपोर्टमध्ये मानेच्या दोन मणक्यांमधली चकती सरकलेली निघाली. ऑपरेशन टळलं. दोन-तीन महिने गळ्यात पट्टा, वजन लावून मान ताणायची, शेक, व्यायाम. बोटांत हळूहळू जाग आली. करंगळी आजही थंडीत थोडी बधिर होते, पण खडू पडत नाही. मुलांनी पट्ट्याला "बाईंचं गळ्यातलं" असं नाव दिलं होतं. तो सुटला तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

भीती गेली नाही. पुन्हा स्कॅन करायची वेळ आली असती तर मी तितकीच घाबरले असते. पण आई आणि मी त्याबद्दल बोलायला लागलो, ते नवीन होतं. कुणाच्या घराला खिडक्या नाहीत, कुठल्या दवाखान्यात जिना आहे, याची आम्ही एकमेकींना खबर द्यायचो. नात्यातल्या लग्नांना हॉल माणसांनी फुलून जायचे. आमच्यापैकी जी आधी पोचे ती दाराजवळच्या दोन खुर्च्या धरून ठेवी, एकीवर स्वतः बसे आणि दुसरीवर पिशवी ठेवी.