दवाखान्यात म्हटलेली जेवणाची प्रार्थना

प्रार्थना म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे समजतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही तसंच समजत होते. नवीन पनवेलमध्ये कुणाकडे आजारपण असो की नव्या घराची उपासना, पाळकसाहेब गावाला गेलेले असले की फोन मला येतो. "बाई, तुम्हीच या. तुमची प्रार्थना ऐकली की बरं वाटतं." मी जाते, डोळे मिटते आणि सुरू होते. आमचे हे म्हणतात, "तू आमेन म्हणेपर्यंत त्या घरातला चहा दोनदा गरम करावा लागतो." थट्टा करायचा त्यांना हक्क आहे, कारण घरी हीच बाई जेवणाआधीची प्रार्थना कशी उरकते ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे. एक कान कुकरकडे, एक डोळा उघडा, आणि सगळं एका दमात.

ती प्रार्थना माझ्या वडिलांची. माहेरी ती म्हटल्याशिवाय घासाला हात लावायची सोय नव्हती. 'हे प्रभू, तू वाढलेलं आम्ही घेतो. ते आम्हाला पचू दे, आणि ज्याच्या ताटात काही नाही त्याला आमच्यातलं देण्याची बुद्धी दे. आमेन.' एवढीच. लग्न झाल्यावर ती माझ्याबरोबर सासरी आली आणि रोज दोन वेळा तोंडातून निघून जात राहिली.

त्या शनिवारी दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि तोंडानं भाषणाची उजळणी चालू होती. दुसऱ्या दिवशी महिला मंडळात मला बोलायचं होतं. विषय होता आत्मिक तयारी. हे समोर खुर्चीवर लसूण सोलत बसले होते, म्हणजे श्रोते तेच. "अचानक हाक आली, तर भगिनींनो, आपण तयार असू का?" असं मी लाटणं उगारून विचारलं. तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, छातीत भरून आल्यासारखं होतंय जरा." मी म्हटलं, "मध्ये बोलू नका हो, माझी लिंक तुटते."

पुढच्या क्षणी ते खुर्चीवरून घसरले. लसणाच्या पाकळ्या फरशीभर झाल्या. अजूनही लसूण सोलायला घेतला की माझे हात थांबतात.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. जुन्या पनवेलमधल्या दवाखान्यात कसे पोचलो, कुठल्या रस्त्यानं गेलो, मला काही सांगता येणार नाही. यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या हाताला पीठ तसंच होतं. डॉक्टर म्हणाले, "हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद झालीय. लगेच आत घेतोय. आत्ता काहीच सांगू शकत नाही." दार बंद झालं. शेजारी गाडी लावायला गेले आणि मी बाकावर एकटी उरले.

मी डोळे मिटले. आणि काहीच आलं नाही. एक शब्दही नाही. दुसऱ्यांच्या घरी ओघानं येणारी ती सगळी वाक्यं गेली कुठे? 'हे प्रभू' म्हणायचं आणि पुढे नुसता अंधार. यांच्या आजारापेक्षाही त्या रिकामेपणानं मी जास्त हादरले, हे लिहिताना लाज वाटते, पण तसं झालं खरं. मंडळातल्या एकीला फोन केला, म्हटलं, प्रार्थना करा. ती म्हणाली, "बाई, तुम्ही स्वतः आहात ना तिथे, मग कसली काळजी!" मी फोन ठेवून दिला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. डोक्यावरून ओढणी, ओठ हलत होते. माझ्याच वयाची असेल. ती सरकून जवळ आली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिनं माझ्या पिठाळ हातात दिली. "आत कोण आहे, ताई?"

"मिस्टर."

"माझी अम्मी आहे. दोन्ही भाऊ उरणवरून निघालेत, अजून पोचायचे आहेत." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "रडा, पण दुआ पण करा."

"येतच नाही मला," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे वाक्य निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"घरी रोज जे म्हणता ना, तेच म्हणा. आज नवीन कुठून सुचणार?"

रोज मी काय म्हणत होते? एकच तर होतं. मी हात जोडले आणि म्हणाले, "हे प्रभू, तू वाढलेलं आम्ही घेतो." माझ्या कानांवर ते पडलं आणि मला धक्काच बसला. नवरा मरणाच्या दारात, आणि मी जेवणाची प्रार्थना म्हणतेय! पण जीभ थांबेना. "ते आम्हाला पचू दे." इथे मात्र मी ढसाढसा रडले, कारण हे पचणारं नव्हतं आणि मी तेच मागत होते. पुढची ओळ कशीबशी पुरी केली. शेजारून ती हलकेच म्हणाली, "आमीन."

थोड्याच वेळात नर्स बाहेर आली. मी ताडकन उठले, पण ती त्या बाईकडे वळली आणि खालच्या आवाजात काही बोलली. अम्मी गेली होती. त्या बाईनं भिंतीला हात टेकला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "अल्लाहची होती, त्यानं नेली." ओरडली नाही. मग गालांवरून पाणी वाहत असतानाच माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं काही कळलं का हो?"

तयारी म्हणजे काय हे मी दुसऱ्या दिवशी बायकांना सांगणार होते! आणि माझ्याच तोंडून नुकतं निघालं होतं, ज्याच्या ताटात काही नाही त्याला आमच्यातलं देण्याची बुद्धी दे. माझ्याजवळ देण्यासारखं होतं तरी काय? मी तिला जवळ घेतलं आणि तिचे भाऊ येईपर्यंत सोडलं नाही. तिच्या काळ्या ओढणीला माझ्या हातांचं पीठ लागलं. तेवढ्या वेळात मी आतल्या दाराकडे बघितलंही नाही, आणि मनातली ती धडधड कधी शांत झाली तेही मला कळलं नाही.

डॉक्टर आले आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत. आता धोका टळलाय." माझं माणूस मला मिळालं, तिचं गेलं. असं का, हे मी प्रभूला विचारलेलं नाही. उपकार मानते, आणि तिची आठवण आली की तिच्यासाठीही प्रार्थना करते. ती बाई कुठे राहते हे विचारायचं राहून गेलं. पण तिला त्या बाकावर कुणी बसवलं, याविषयी मला शंका नाही. आमच्या वडिलांनी ताटावर बसवून जे तोंडात घातलं, ती माझी शिदोरी होती, आणि मी ती न उघडताच इतकी वर्षं वागवत होते. हाक आल्यावर कुणाला तयारी करता येत नाही. तेव्हा जे आधीपासून आपल्यात आहे तेवढंच हाताशी येतं, आणि तेही प्रभूच्या हातात सोडून द्यावं लागतं.

हे घरी आले त्या दिवशी मी मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण केलं. दोघं समोरासमोर बसलो. मी हात जोडले, "हे प्रभू, तू वाढलेलं..." आणि थांबले. यांनी एक डोळा उघडला. "विसरलीस की काय? अगं, भात गार होतोय."

"होऊ दे," मी म्हटलं. "आज मी प्रार्थना करतेय."