पन्नासातलं एक

"आन् नवऱ्याची सही न्हाय का लागत?"

"न्हाय. तुझीच लागती," महादेवी सिस्टर म्हणाली. "पोट तुझं, सुई तुला टोचणार. सही दुसऱ्याची कशाला?"

"तरी बी त्येला इचारलेलं बरं की."

"काल इचारलंस न्हवं? काय म्हनला?"

मायाक्कानं हातातल्या कागदाची घडी घातली, परत उलगडली. "तुला काय वाटंल ते कर, म्हनला."

"मंग झालं की. गडी शाना हाय."

"शाना कसला. मेंढरं कुनाच्या तरी ज्वारीत शिरली म्हनून फोन ठिवला त्येनं."

सिस्टर हसली. मायाक्काही हसली, पण कागदावरची सहीची जागा कोरीच राहिली.

मायाक्का अडतिसाची. घर कुंभारीच्या शिवाराला लागून. दिवाळी झाली की तिचा नवरा येडू दोनशे मेंढरं घेऊन बाहेर पडतो, तो पावसाच्या तोंडाला परततो. एकोणीस वर्षं ती त्याच्या मागं चालली. यंदा डॉक्टरीणबाईनं चालणं बंद केलं, म्हणून ती घरी. लेक सोनम गेल्या साली जेऊरला दिलेली. लेकीला दिवस जायच्या वेळेला आईला गेले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दर रविवारी फोन यायचा. मायाक्का शेळ्यांचं सांगायची, पावसाचं सांगायची, पोटाचं सोडून सगळं सांगायची.

दवाखान्यातल्या तपासण्यांना तिनं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. साखर बघा म्हणाले, बोट पुढं केलं. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. सोनोग्राफीला तांब्याभर पाणी पिऊन दोन तास बसली. मग मागच्या आठवड्यात रक्ताच्या एका तपासणीत जोखीम निघाली. डॉक्टरीणबाईनं समजावलं. असा आकडा आलेल्या पन्नास बायांत एकीच्या बाळात जन्माचंच उणं असतं. उशिरा चालतं, उशिरा बोलतं, काहींच्या काळजातही दोष असतो. पोटात सुई घालून पाणी काढलं की पक्कं कळतं. मग ठेवायचं का नाही, ते तुम्ही ठरवायचं. क्वचित सुईनंच गर्भ जातो, तेही त्यांनी लपवलं नाही. पण आठवडे चाललेत, आज काय ते सांगा.

"एकोणपन्नास चांगली असत्यात, हे ध्येनात ठेव," सिस्टर म्हणाली.

सिस्टरला एकोणपन्नास दिसत होती. मायाक्काला एकच दिसत होतं. तिचा हातच तसा होता. कळप बाहेर पडायच्या आदल्या दिवशी मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाला तीच उभी राहायची. येडूला ते जमत नसे. एकेक मेंढी पुढनं गेली की मायाक्का मागचा पाय बघायची, कास बघायची. चालायला कच्ची निघाली की बाजूला. पन्नासातली एक तिला खुरांच्या आवाजावरनं कळायची. बाजूला काढलेली मंगळवारच्या बाजारात जायची, आणि मायाक्का भाकरी खाऊन झोपायची. एकदा कळलं की तिचा हात थांबत नसे.

ह्याचंच तिला भ्या होतं. सुईचं न्हवं.

"शिस्टर, गाभण मेंढीचं पोट आमी दाबून बघत न्हाय," ती म्हणाली. "भायेरनं बघतो. दाबलं तर चांगलं असलेलं बी टाकती."

"ही मेंढी न्हाय, मायाक्का."

"म्हाईत हाय."

"घरात कुनी बाईमानूस न्हाय का? कुनाशी बोल तरी."

"कुनाशी बोलू? दोन लंगड्या मेंढ्या हायत, तेवढ्या."

ह्यावर सिस्टर हसली नाही. तिनं पेन पुढं केलं. सुई नको म्हटलं तरी तशी सही करावीच लागणार होती.

मायाक्कानं पेन हातात घेतलं. मग म्हणाली, "भायेरनं जेवढं दिसतं तेवढं सगळं बघा. साखर बघा, बीपी बघा, परत सोनोग्राफी करा. बोलवाल तवा येते. बाळंतपन बी हितंच. सुई नगो."

"आन् उणं निघालं तर?"

"निघंल तवा निघंल. म्या आदी बाजूला काढनार न्हाय."

सातवीपर्यंतच्या अक्षरात तिनं नाव लिहिलं. मायाक्का येडू असं लिहून वर बघितलं. सिस्टरनं शिक्का मारून एक प्रत तिच्या हातात दिली.

कुंभारीला रिक्षातनं उतरली तेव्हा उन्हं कलली होती. येडूला फोन लावला, लागला नाही. वाड्यात शेळ्या ओरडत होत्या. त्यांच्या पलीकडं यंदा चालायला कच्च्या निघूनही बाजारात न धाडलेल्या दोन मेंढ्या, मान खाली घालून. मायाक्कानं कागद पत्र्याच्या डब्यात टाकला, ओचा खोचला आणि पाला ओढायची लांब आकडी खांद्यावर टाकली. बांधावरच्या बाभळीचा खालचा पाला संपला होता. वरच्या फांदीला आकडी अडकवून, पोट सांभाळत, ती ओढू लागली.