लोटाच्या बायकोनं मागं का बघितलं?

सत्यशीला एसटीत कंडक्टर. लातूर-किल्लारी गाडीवर तिची ड्यूटी, आणि डोक्यात एखादा प्रश्न शिरला की तिकिटाबरोबर तोही प्रवाशांच्या हातात ठेवायची.

"सांगा बरं, देवानं मागं बघू नका म्हणलं आसताना लोटाच्या बायकोनं मागं का बघितलं?"

निम्म्या गाडीनं लोटाचं नावही ऐकलेलं नसे. मग बायबलातलं सदोम गाव, वरून पडलेली आग, जीव घेऊन पळणारं कुटुंब आणि मागं बघताक्षणी मिठाचा खांब झालेली बाई, असं सगळं ती औसा येईपर्यंत सांगून टाकी.

"सोनंनाणं ऱ्हायलं आसंल," मलप्पा म्हणे.

"चुलीवर दूध ठिवलं आसंल," भामाबाई म्हणे, आणि गाडी खो खो हसे.

सत्यशीलाला मात्र हसू येत नसे. तिच्या सासूचा, केवळाबाईंचा, सगळा जन्म या एका प्रश्नात अडकला होता. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. भूकंपात किल्लारी पडली, वाचलेली माणसं रानात जाऊन बसली, पण केवळाबाई पुन्हापुन्हा ढिगाऱ्याकडे पळायच्या. त्यांची लेक मार्था गावातच दिलेली, तिथं सासरी होती. सापडली ती गेलेलीच. पुढं बाहेरगावचा कुणी उपदेशक सांत्वनाला म्हणून आला आणि 'लोटाच्या बायकोची आठवण करा, तिनं संसाराच्या मोहानं मागं बघितलं' असं ठणकावून गेला. धन्य त्याच्या सांत्वनाची! तेव्हापासून केवळाबाईंनी चर्चमधलं प्रभुभोजन घेतलं नव्हतं. प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला फिरू लागले की त्या मागच्या भिंतीशी मान खाली घालून बसत. "मी लोटाची बायको हाय," एवढंच म्हणत.

चर्चच्या नव्या पाळकसाहेबांनी सत्यशीलाला बायबलचा अर्थ उलगडणारा एक जाडजूड टीकाग्रंथ वाचायला दिला. त्या दिवशी लातूरच्या स्टँडवर, गाडीत बसूनच, तिनं ते पान काढलं. एक टीकाकार म्हणतो, बाई लोभी होती. दुसरा म्हणतो, तिचा देवावर विश्वास नव्हता. तिसरा म्हणतो, ती रेंगाळत मागं राहिली आणि आगीनं तिला गाठलं. सत्यशीलाचं डोकं तापत चाललं. मेली एकटी बाई, आणि सगळे तिच्याच मागं हात धुऊन लागलेले! मग चौथा आला. लोटाचे जावई सदोमातच राहिले, असं शास्त्र सांगतं. म्हणजे त्यांना दिलेल्या लेकीही कदाचित तिथंच असतील. आईनं लेकींसाठी मागं पाहिलं असावं.

"अगं बाई!" सत्यशीला किंचाळलीच.

"बाई, गाडी भरून कधीची हुबी हाय, डबल बेल द्या की!" ड्रायव्हर नागप्पा ओरडला. तिनं घंटीची दोरी अशी काही ओढली की पानटपरीवरचे लोकसुद्धा वळून बघू लागले. वाटेत तिनं दोघांना चुकीची तिकिटं दिली आणि त्यांच्या शिव्याही आनंदानं खाल्ल्या.

घरी केवळाबाई दारात तूर पाखडत होत्या.

"आत्याबाई! तिच्या लेकी होत्या तिथं! दिलेल्या लेकी!"

"कुनाच्या?"

"लोटाच्या बायकोच्या!"

सूप हातातच राहिलं. म्हातारीनं विचारलं, "नक्की लिवलंय तसं?"

आता सत्यशीला अडकली. एक 'व्हय' म्हणायचा अवकाश होता. पण देवाच्या वचनात पदरचं कसं घालायचं?

"नक्की न्हाई, आत्याबाई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "कदाचित म्हणलंय. का बघितलं ते शास्त्रात लिवलंच न्हाई. चौघं चार कारणं सांगायलेत."

"लिवलंच न्हाई?"

"न्हाई."

केवळाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मग त्या बाबाला कसं नक्की ठावं होतं?"

त्यांच्या आवाजात इतक्या वर्षांचा राग उसळून आला होता. सत्यशीलाला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"मी माझ्या मार्थासाठी गेलते," केवळाबाई म्हणाल्या. "देवाला ठावं हाय. येत्या आयतवारी भोजन हाय का?"

"हाय, आत्याबाई, हाय!"

"मग मला पुढच्या रांगंत बसव."